ओली नाडी

बसा मंडळी, पाणी-बिणी पिऊन घ्या. एका पोरीच्या बुटातल्या नाडीची गोष्ट सांगतो. आधीच हसू नका. त्या नाडीला तिचा सगळा जन्म बांधलेला होता.

पौषातली पहाट. माणदेशातली पहाट, कोरडी, करकरीत, दातांत वाजणारी. पूर्वेला केशराची एक रेघ. रेघेखाली मैदान, ताम्रवर्ण, विस्तीर्ण, धुळीत निजलेलं. त्यावर चुन्याचा पट्टा असा वळत गेलेला, जशी सापानं टाकलेली कात. आणि कडेला चारशे पोरी. कुणी उड्या मारतेय, कुणी देवाचं नाव घेतेय, कुणी नुसतीच नखं खातेय. पोलीस भरतीची धाव.

त्यातली एक मोनाली मदने. मेंढपाळाची लेक. बाभळीच्या फांदीसारखी सडसडीत, बाभळीच्या पाल्यासारखी थरथरती. फाल्गुनात तिच्या वयाची मर्यादा संपत होती. आज आठशे मीटर, दोन फेऱ्या. नाहीतर मग कधीच नाही.

मन जागेवर नव्हतं. मन वावटळ. मन जाळीत अडकलेलं पाखरू. मागच्या वर्षीच्या धावेतलं तिसरं वळण फिरून फिरून डोळ्यांपुढं येत होतं. चकचकीत नायलॉनची लेस, सुटलेली. तिच्यावर पडलेला स्वतःचाच पाय. आणि तोंडात माती.

त्या मातीतून तिला आत्यानं उठवलं. आत्याला धावण्यातलं काही कळत नव्हतं, गाठीतलं कळत होतं. चाळीस वर्षं रानोमाळ मेंढ्यांभोवती जाळी ताणून बांधणारी बाई ती. "ती लेस दे फेकून," ती म्हणाली. "सुती नाडी घे. भिजव, निपट, मग बांध. वाळता वाळता गाठ अशी बसती, लांडगा आला तरी सुटायची न्हाई."

मग वर्षभर तोच नेम. पहाटेच्या निळ्या, मुक्या, थिजलेल्या उजेडात तांब्यात नाडी बुडवायची. बोटांनी निपटायची. आधी डावा बूट, मग उजवा. दोन वेढे, एक फास, टोकं आत. गुळाचा खडा जिभेवर. आणि उभं राहून टाच तीनदा आपटायची. धप, धप, धप. की मातीतून एक आवाज पायांत चढायचा. आहे, आहे, आहे.

आजही, रात्री मुक्काम केलेल्या धर्मशाळेच्या नळावर तिनं सगळं तसंच केलं होतं. गाठी बसल्या होत्या, वाळल्या होत्या. मनावरची धूळ जराशी खाली बसली होती.

शेजारची पोरगी खाली बघून फिसकन हसली. "अगं बया! बुटात परकराची नाडी?"

"तुझा परकर कधी भर बाजारात सुटलाय?"

"न्हाई बाई."

"मग?"

तेवढ्यात चिपवाला आला. वेळ मोजायची चिप, बिस्किटाएवढी, बुटाच्या नाडीत ओवायची. तो वाकला, गाठ बघून वैतागला. "काय गं हे? बैल बांधलाय का?" आणि मोनालीनं तोंड उघडायच्या आत त्यानं चिमट्याचं टोक घुसवून डाव्या बुटाची गाठ उकलली, चिप ओवली, सैल सुरगाठ मारली आणि पुढच्या पोरीकडं सरकला.

सुरगाठ. लुसलुशीत, लटपटती, वाऱ्यावर मान हलवणारी.

नळ लांब. तांब्या धर्मशाळेत. शिट्टीवाले साहेब रेघेकडं निघालेले. "तिसरी तुकडी, रेघेवर!" वावटळ पुन्हा उठली. तिसरं वळण उठलं. तोंडात माती आली.

पण बघा, मन पळालं, हात पळाले नाहीत. हातांना नेम ठाऊक होता. हातांनी सुरगाठ ओढून सोडली. मोनालीनं धुळीत फतकल मारली, गुडघा छातीशी घेतला आणि नाडी तोंडात धरली. पाणी नाही तर लाळ आहे. आठशे डोळ्यांची लाज नाही, साहेबाचं भ्या नाही. गुळाची चव, मातीची चव, एकाच जिभेवर.

"ए बाई, बुटाचं बारसं घातलंयस का? ऊठ!" साहेब ओरडले.

"गाठ बसू द्या, साहेब."

आवाज तिचा होता, पण हलत नव्हता. दोन वेढे. एक फास. टोकं आत. ती उठली. धप, धप, धप.

आहे, आहे, आहे.

शिट्टी. आणि मग धूळ, धूळ, सुवर्णधूळ. चाळीस पायांखाली उधळलेली, उगवत्या सूर्यानं पेटवलेली. श्वासाची करवत बरगड्यांत. पहिलं वळण. दुसरं वळण. तिसरं. खाली बघावं का? बघ. बघ ना. तिनं बघितलं नाही. पायांनीच सांगितलं, आहे. चुन्याची शेवटची रेघ तिच्या छातीखालून पांढऱ्या ओढ्यासारखी वाहून गेली, आणि साहेबाच्या कागदावर तिच्या नंबरापुढं पूर्ण गुण पडले.

चिपवाला चिप काढायला बसला. लाळ, घाम, धूळ; गाठीचा दगड झालेला. बोटं हरली. चिमटा हरला. "कात्री आणा रे कुणीतरी!" तो ओरडला, आणि मोनाली धुळीत आडवी पडून, लालेलाल तोंडानं, आभाळाकडं बघत हसत सुटली.

आता माझं एक ऐका, मंडळी. पहाटे मैदानाच्या कडेनं जाताना, तांबड्या उजेडात वाकलेली, पाठीचा कणा धनुष्य केलेली एखादी पोर दिसली, तर हॉर्न वाजवू नका. हाक मारू नका. क्षणभर थांबा.

तिची गाठ बसू द्या.