भोंग्याचा पडदा

रेघ तुम्ही ओढलीत. बाराव्या आणि तेराव्या रांगेच्या मधोमध, विमानकंपनीच्या कुठल्या तरी गार खोलीत बसून, कागदावर पट्टी ठेवून. पुढे मोठी माणसं, मागे पोरं. ओढताना तुमचा हात जराही अडखळला नाही, कारण त्या रेघेवर कोण येऊन आपटणार आहे हे बघायला तुमच्यातला एकही जण विमानात चढला नाही. मावशी चढली. आता तिचं ऐका, मध्ये बोलू नका.

मावशी विमानांचे पडदे शिवायची. सव्वीस वर्षं एकच कारखाना, एकच खिडकी, एकच मशीन. कापड जळत नाही ना हे बघायला प्रत्येक ताग्याची एक पट्टी आधी पेटवून बघायचे, त्यामुळे त्या लांबलचक खोलीत कायम करपल्यासारखा वास. सगळे तिला मावशी म्हणायचे, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला फोरमनसुद्धा. तिच्या हातचे हजारो पडदे आकाशात गेले होते. ती स्वतः एकदाही गेली नव्हती.

वर्षापूर्वी नव्या पडद्याची मागणी आली. विमानात मोठ्यांसाठी 'शांत विभाग' निघणार होता, लहान मुलांना बंदी. मध्ये पाच थरांचा जाड पडदा, खालच्या काठात वजनाची साखळी, आणि मागचं रडणं पुढे ऐकू येता कामा नये ही अट. आवाज मोजायला एक इंजिनिअर मशीन घेऊन आला. त्याला खरं रडणं हवं होतं.

"कुणाच्या घरी रडकं पोर आहे का?" फोरमनने सगळ्या बायकांना विचारलं.

"रडकं नाही, भोंगा आहे," मावशी म्हणाली. "गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. चालेल?"

भोंगा म्हणजे तिची नात, तेव्हा दीड वर्षाची. लेकीची नोकरी पाळीची आणि जावई परदेशात, म्हणून पोर जन्मल्यापासून मावशीच्या अंगाखांद्यावर. आंघोळीनंतर डोक्यातून झबलं घालताना भोंगा जो सूर लावायचा तो मावशीने फोनवर पकडून आणला. मग दोन आठवडे इंजिनिअर तेच रडणं पडद्याआडून वाजवायचा, दिवसातून चाळीस वेळा.

"मावशी, नात एवढ्यात कामाला लागली की!" बाजूच्या मशीनवरची म्हणाली.

"माझ्याआधी रिटायर पण होईल बघ."

सगळ्या हसल्या. पण दर वेळी ते रडणं सुरू झालं की मशीनच्या पायडलवरचा मावशीचा पाय आपोआप उचलला जायचा. थर वाढले, शिवण बदलली, आणि एका दुपारी पडद्यापलीकडे भोंगा रडत होता आणि अलीकडे काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. इंजिनिअरने मावशीचा हात हातात घेऊन हलवला.

"उंच आवाज अडला," तो म्हणाला. "पोटातून येणारा खालचा आवाज नाही अडत याने. पण पोरं काय पोटातून रडतात?"

मावशीला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगा? दमल्याभागल्या माणसाला चार तास डोळा लागला तर त्यात वाईट काय, असंच तिला वाटलं. तीही पाळीच्या नोकरदारणीची आई होती. झोपेची किंमत तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत होती.

आठ महिन्यांनी जावयाने लेकीला आणि भोंग्याला कायमचं बोलावून घेतलं. चार तासांचं एक विमान, तिथून दुसरं खूप लांबचं. मावशीने ठरवलं, पहिल्या विमानातून आपण सोबत जायचं, दोघींना पुढच्या विमानात बसवायचं आणि संध्याकाळच्या विमानाने परत यायचं.

"बसस्टॉपवर सोडायला जातात माणसं," फोरमन म्हणाला, "तुम्ही विमानाने सोडायला निघालात?"

"चार तास जास्त मिळतात," मावशी म्हणाली. "तुमच्याकडे रजेचा अर्ज दिलाय, अक्कल मागितली नाही."

ते चार तास. बाकी तिला काही नको होतं. भोंगा मांडीवर, नाहीतर शेजारी. पुन्हा कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

काउंटरवरच्या पोरीने तिकिटं तपासली आणि हसून म्हणाली, "आजी, नशीबवान आहात! साठीच्या पुढे, नावावर मूल नाही, म्हणून सिस्टिमने तुम्हाला आपणहून शांत विभाग दिलाय. नववी रांग."

"आणि ह्या दोघी?"

"एकविसावी."

"मग मलाही एकविसावी दे."

"फुल आहे, आजी. सिस्टिम घेत नाही."

सिस्टिम घेत नाही! हे वाक्य तुम्ही शिकवता त्यांना? पोरगी बिचारी पाठ म्हणत होती.

विमान पळायला लागलं तेव्हा मावशीने पुढच्या सीटची कड धरली. कव्हर तिच्याच कारखान्यातलं होतं. मग पायाखालचा खडखडाट एकदम थांबला आणि पोट जागेवर राहून बाकीची मावशी वर गेली. रस्ते दोरे झाले. घरं बटणं झाली. विमान एका कुशीवर कललं, ढगात शिरलं, आणि बाहेर पडलं तेव्हा खाली पांढरं, नुसतं पांढरं, नजर पोचेल तिथपर्यंत अंथरलेलं. मावशी आयुष्यभर कापडात राहिलेली बाई. ती नकळत जोड शोधायला लागली. एवढा मोठा पन्हा, कुठे तरी शिवण असेलच की! शिवण कुठेच नव्हती. ती सवयीने बोलून गेली, "भोंग्या, बघ गं!"

शेजारी भोंगा नव्हता. एक शिक्षिका होती, डोळ्यांवर पट्टी चढवत असलेली.

"पहिलीचा वर्ग आहे माझ्याकडे," शिक्षिका म्हणाली. "बेचाळीस पोरं. हे चार तास मला पोर या शब्दाचा आवाजसुद्धा नकोय. राग मानू नका."

"नाही मानत," मावशी म्हणाली. "झोपा तुम्ही."

तिने मागे वळून बघितलं. तीन रांगांमागे करड्या रंगाचा पडदा ओढलेला होता. शेवटाला तीन उलटे टाके. ते तिचे होते, अशी शिवण बंद करणारी कारखान्यात ती एकटीच. पलीकडे पन्नास-साठ पोरं असतील आणि इकडे कपाटात बसल्यासारखी शांतता. मावशीने कान लावले. भोंगा रडत असेल का? भुकेला झाला असेल का? काही कळेना. काम इतकं चोख केलं होतं तिने.

ती उठली. पडद्याशी हवाई सेविका आडवी आली.

"आजी, जागेवर बसा ना, प्लीज."

"बसते की. नातीशेजारी बसते."

"मागे एकही सीट नाही."

"अदलाबदल कर. कुणीही हसत पुढे येईल."

"मागे प्रत्येकाबरोबर मूल आहे, आजी. मूल घेऊन पुढे येता येत नाही, आणि मूल टाकून कोण येणार?"

मावशीने हिशेब मनात उलटासुलटा करून पाहिला. बरोबर होता. कुठूनही उसवत नव्हता.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं गं?"

"मला काय माहीत? मला तरी कुठे कुणी विचारलं होतं?" सेविका हळूच म्हणाली, आणि तिला हाताला धरून नवव्या रांगेत सोडून आली.

तीन तास गेले. चारातले तीन.

मग तो आवाज आला. आधी मावशीला वाटलं, विमानालाच काही झालं. खोल, गदगदता, जमिनीतून यावा तसा. सीटच्या हातातून तो तळव्यात उतरत होता. शिक्षिकेने पट्टी वर केली. पुढच्या रांगेतल्या टकल्या गृहस्थाने कानातलं काढलं. कुणी घाबरून घंटीचं बटण दाबलं. आणि मावशीच्या पायाने, जणू पायडल सोडावं तशी, उचल खाल्ली.

पोरं हसत होती. मागची सगळीच्या सगळी पोरं एकदम, पोटातून, खदखदून. आणि त्यात एक हसू भोंग्याचं होतं. ते तिने शंभरातून ओळखलं असतं. रडण्याची चाचणी दिवसाला चाळीसदा झाली होती. हसण्याची कुणी घेतलीच नव्हती.

"अहो, खिडकीत बघा!" शिक्षिका म्हणाली. तिचा आवाज पहिलीतल्या मुलीसारखा झाला होता.

ढगांवर विमानाची एवढीशी सावली धावत होती आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्य होतं. अर्धं नव्हे, अख्खं. गोल. बांगडीसारखं, कुठेही न सांधलेलं. विमान जाईल तिकडे ते जात होतं. त्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांच्या झडपा वर गेल्या. टकल्या गृहस्थाने ओळखही नसलेल्या शेजाऱ्याचा दंड धरला होता.

मावशी कधी उठली तिला कळलं नाही. पडदा कसा सरकतो हे तिला सांगायची कुणाला गरज नव्हती. एका झटक्यात तिने तो बाजूला केला, आणि हसण्याचा लोंढा पुढे आला. सेविका "आजी!" म्हणाली, पण शिक्षिका मावशीच्या पाठोपाठ येऊन पडदा धरून उभी राहिली.

"जाऊ दे त्यांना," ती म्हणाली. "मी वर्ग सांभाळते, तू घाबरू नकोस."

एकविसाव्या रांगेत लेकीने पाय आखडून घेतले. मावशी तिथेच खाली गुडघ्यांवर बसली. भोंगा काचेला नाक लावून होता.

"आजी, गोल!"

"हो गं, गोल."

"आई म्हणते आपण त्यात आहोत. तू पण?"

"मी पण."

भोंग्याने वळून एकदा तिच्या तोंडाकडे, एकदा खाली बघितलं, आणि तिचं बोट घट्ट धरलं. लेक डोळे पुसत म्हणाली, "तीन तास विचारतेय, आजी कुठाय. सांगून सांगून थकले, पडद्यामागे आहे म्हणून." सावली पळत होती, कडं पळत होतं. त्या सावलीत बारावी रांग कुठली आणि तेरावी कुठली, दाखवा बरं मला.

नऊ मिनिटं. मग ढग सरले, कडं विरलं, आणि बेल्ट बांधायची सूचना आली. मावशीला परत नेलं.

उतरताना पुढचे आधी. मावशी दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. मागचे शेवटी आले, आणि तोवर पुढच्या विमानाची घोषणा सुरू झाली होती. लेकीने धावताधावताच मिठी मारली. भोंगा कडेवरून मागे बघत हात हलवत राहिला, वळणापर्यंत. रडला नाही. मावशीही नाही.

मग गणवेशातला एक साहेब नियमभंगाचा फॉर्म घेऊन आला. नाव, पत्ता, सीट, कारण.

मावशीने भिंतीवर कागद धरून कारणाच्या रकान्यात लिहिलं. रकाना पुरेना तेव्हा समासात लिहिलं:

'पडदा मी शिवला आहे. ज्याला झोप हवी त्याला खुशाल द्या, माझं भांडण त्याच्याशी नाही. पण माझ्या नातीपासून मला वाचवा, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं? माझे चार तास होते, तुम्ही नऊ मिनिटं दिलीत. बाकीचे कुठे आहेत? उत्तर लेखी पाठवा. पत्ता वर दिला आहे.'