आत सोडायचं नाही

आजाऱ्याला भेटायला जाणं हा माणुसकीचा पहिला धर्म आहे. अनिलकुमारच्या घरी तो आठवडाभर इतक्या निष्ठेने पाळला जात होता, की दारात चपलांना जागा उरली नव्हती.

त्याच्या सहा वर्षांच्या संस्कृतीला रक्ताचा कर्करोग झाला होता. केमोने पांढऱ्या पेशी पार उतरल्या होत्या. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतेल, कुणालाही आत सोडायचं नाही.

अनिलकुमार चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यावर वॉचमन. पास नाही म्हणून खुद्द मालकाच्या मेव्हण्याला त्याने उन्हात उभं केलं होतं. घरी मात्र "काका, जरा..." एवढं म्हणेस्तोवर सिद्धलिंगप्पाकाका पोरीच्या कपाळाला विभूती लावून मोकळे झाले.

"इभूतीनं काय हुतंय? झालं तर बरंच हुतंय की!" म्हणाले, आणि चहाची वाट बघत बसले.

काका गेल्यावर अनिलकुमारच्या बायकोने, शिवलीलाने फरशीवर डेटॉल ओतलं. "मालकाचे टॉवेल राखता, हितं सोताची पोरगी राखायला जमंना व्हय तुमाला?"

अनिलकुमारला हे लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली, कारखान्याचा गणवेश चढवला आणि दारात स्टूल टाकून बसला.

पहिली आली ती त्याची आई. ईरम्मा अक्कलकोटहून एसटीने आली होती आणि तिचं नाक वाहत होतं.

"सरक."

"अव्वा, आत जायचं न्हाय."

"का? पास लागतोय?"

"तुला सर्दी हाय."

"सर्दी कशाची, एष्टीतली धूळ हाय ती." आणि ती दणदणीत शिंकली.

अनिलकुमार उठून दाराच्या मधोमध उभा राहिला.

"तुला गोवर आला तवा रातध्याड मांडीवर घिऊन बसले हुते," ईरम्मा म्हणाली. "तवा कुणी आडवं आलं न्हाय."

त्याने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. पण सरकला नाही.

ईरम्मा पायरीवर बसली. आवाज ऐकून संस्कृती खिडकीत आली आणि तिने डोक्यावरची टोपी काढली.

"आज्जी, माझं टक्कल बघ."

"आगं, तुज्या आज्ज्याचं बी आसंच हुतं. त्येचं तर परत आलंच न्हाय."

"माझं येणाराय."

"येणार की. लई येणार."

ईरम्माचा हात गजाकडे गेला.

"अव्वा," अनिलकुमार म्हणाला.

हात मागे आला. मग तिने पिशवीतून शेंगाचटणीचा डबा काढला. "ह्ये तरी आत जातंय का?"

बाहेरचं खाणं बंद होतं. त्याने मान हलवली. तिने डबा परत पिशवीत ठेवला, पदराने नाक पुसलं आणि पाणीही न पिता स्टँडकडे चालू लागली.

दिवस मावळताना पोरीला ताप भरला. रिक्षाने दवाखाना गाठला. सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली.

"मॅडम, आज मी कुणालाच सोडलं न्हाय," अनिलकुमार म्हणाला. "माज्या आईला बी न्हाय. मग आलं कुठनं ह्ये?"

डॉक्टरबाई सलाईनचा थेंब बघत होत्या.

"बाहेरून आलं नसेलही," त्या म्हणाल्या. "अशा तापात जंतू बहुतेक वेळा पेशंटच्या स्वतःच्याच आतड्यातले असतात."