मताची पावती

भिमाजीने अंगठा जिभेवर ओला केला आणि रतनच्या फोनवरून फिरवला. छत्रीचं चित्र दिसल्यावर फोन परत दिला. रतनने काच पदराला पुसली, समाधान झालं नाही म्हणून पुन्हा पुसली. रांगेत मागे उभ्या असलेल्या सावित्राबाईने तोंड फिरवलं.

छत्री म्हणजे अंबाजी. तिकोणा पेठेच्या पाणी संस्थेचा अध्यक्ष, आणि धरणाच्या काठावर शहरातल्या पाहुण्यांसाठी उभारलेल्या या तंबूंचा मालक. भिमाजी त्याचा मुकादम. ठाकरवाडीच्या बायका इथेच भांडी घासत, चादरी धूत. संस्थेचं पाणी तंबूंच्या न्हाणीघरांत धो धो यायचं आणि वर वाडीत नळ कोरडे. म्हणून सावित्राबाईची सून रंजना यंदा संस्थेच्या निवडणुकीत अंबाजीच्या विरोधात उभी होती. तिचं चिन्ह हंडा.

मतदान या खेपेला फोनवर होतं. कंपनीच्या माणसाने देवळात सभा घेऊन सांगितलं होतं, ही ब्लॉकचेन आहे. एकेक मत साखळीत अडकतं, त्याची नोंद ठिकठिकाणच्या यंत्रांत राहते, कुणाच्या बापाला ते बदलता येत नाही. शिवाय मत बरोबर पोचल्याची पावती ज्याच्या त्याच्या फोनवर मिळते, चिन्हासकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सावित्राबाईनेही वाजवल्या होत्या, आणि त्याची तिला आता लाज वाटत होती. मत बदलायची गरज होतीच कुणाला? भिमाजीला फक्त पावती बघायची होती. जिच्या पावतीवर छत्री दिसणार नाही तिचं काम बंद.

पूर्वीही हाच भिमाजी मतदानाच्या आधी वाडीत येऊन बायकांना शपथेसाठी भंडारा उचलायला लावायचा. देवाचा भंडारा हातात घेऊन सगळ्या जणी अंबाजीचं नाव घ्यायच्या, पडद्यामागे जाऊन मनासारखा शिक्का मारायच्या आणि मग देवापुढे नारळ फोडून चुकलं म्हणायच्या. देव सांभाळून घ्यायचा. ही पावती कुणालाच सांभाळून घेत नव्हती.

सावित्राबाईने सकाळीच हंड्यावर बोट ठेवलं होतं. रंजनाने आधी चार वेळा शिकवलं होतं, त्यामुळे चुकलं नाही. आता रांग पुढे सरकताना ती बाजूला झाली आणि स्वयंपाकाच्या तंबूमागच्या मोरीवर गेली. तिथे मटणाची पातेली टपात भिजत पडली होती. पाण्यावर तुपकट, करडी साय धरली होती. तिने कमरेचा फोन काढला, टपात सोडला आणि बोटांनी तळाशी दाबून धरला. काच काळी झाल्यावरच बाहेर काढला.

"भाऊ, हातातनं निसटला. टपात पडला."

भिमाजीने हात पुढे केला नाही. फोनमधून तेलकट पाणी ठिबकत होतं.

"मत कुणाला दिलं, मावशी?"

"तुमाला ठावं हाय की."

"बगितल्याबिगर मला काय ठावं नसतं. सुकव, चालू झाला की आण. पावती कुटं जात न्हाई. तवर कामाला येऊ नगं."

संध्याकाळी निकालही फोनवरच लागला. रंजना थोडक्यात पडली. वाडी सगळी पाठीशी राहिली असती तर आली असती, हे तिला न सांगताही कळत होतं. जेवताना ती एकेका घराचं नाव घेत राहिली.

"पोटासाठी दिलं असंल गं त्यांनी," सावित्राबाई म्हणाली.

रंजनाने पुढच्या घराचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी भातासाठी सावित्राबाईने तांदळाच्या डब्यात हात घातला तर बोटांना काहीतरी गार लागलं. तिचाच फोन. कुणीतरी स्वच्छ पुसून तांदळात पुरला होता. तिला भरून आलं. स्वतः पडली तरी रंजनाला आपली आठवण राहिली, आपल्या लेकीचे फोन याच्यावर येतात हे तिच्या ध्यानात होतं.

"राहू दे गं," ती म्हणाली. "चालू न्हाई झाला तरी माजं काय अडत न्हाई."

"चालू व्हाया पायजे, आत्या." रंजना चुलीतलं लाकूड पुढे सारत होती. तिने मान वर केली नाही. "पावती बघायची हाय मला."

चूल धूर ओकत होती. एक शब्द पुरला असता. हंडा. तो सावित्राबाईच्या ओठांपर्यंत आलाही. एवढ्यात रंजना उठली, सासूच्या हातातून फोन घेऊन तिने बटण दाबलं आणि काच उजेडाकडे धरली. काल भिमाजीपुढे उभं राहताना आली नव्हती एवढी किळस सावित्राबाईला आता आली.

तिने डब्याचं झाकण लावलं.

"माज्यासाठी भात टाकू नगं," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली.