दाराची वीट

या, असे जवळ सरकून बसा. मांडीवर लेकरू असेल तर त्यालाही घेऊन या. मधेच रडलं तरी हरकत नाही, कारण गोष्ट त्याच्याच जातीची आहे. एक आत्या आणि तिची चार महिन्यांची भाची, एवढ्या दोघींची गोष्ट. शेवट काय झाला ते मात्र आत्ताच विचारायचं नाही.

आत्याने बेकरीत तीस वर्षं पीठ मळलं होतं. आता ती भावाकडे राहायची आणि भावजय कामावर गेली की भाचीला, म्हणजे चिमीला, सांभाळायची. त्या दिवशी भावजय चप्पल घालता घालता म्हणाली, "वन्सं, हिला गच्चीवर नेऊ नका हं. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, सहा महिन्यांच्या आत थेट ऊन नको."

"नाही गं बाई. जा तू निवांत."

तोंडाने हे म्हणाली, पण मनात वेगळंच चाललं होतं. आम्ही सगळे उन्हात लोळूनच मोठे झालो, आमची काय भाजी झाली? पोर कशी फिकट दिसते. दहा मिनिटं ऊन लागलं तर अंगावर रंग चढेल, आणि कुणाला कळणार आहे!

साडेदहाला तिने चिमीला वेताच्या टोपलीत निजवलं आणि चार जिने चढून गच्चीवर आली. इमारतीतली माणसं कामाला गेलेली. गच्चीचं दार लोखंडी होतं, ढकललं की आपोआप लागणारं. जिन्याच्या बाजूने मूठ फिरवली की उघडायचं. गच्चीच्या बाजूची मूठ तुटून वर्षं झाली होती, म्हणून दारात कायम एक वीट ठेवलेली असायची.

आत्याने उन्हात दुपटं अंथरलं. वाऱ्याने त्याचं टोक उडायला लागलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, दारातली वीट उचलली आणि दुपट्याच्या टोकावर ठेवली.

धाडकन आवाज झाला.

आधी तिला वाटलं, खालच्या कुणाचं तरी दार असेल. मग वळून पाहिलं. ढकललं, बोटं फटीत घातली, खांदा लावला. दार ढिम्म. मोबाईल खाली स्वयंपाकघरात. भावजय यायची दोन वाजता.

"देवा," ती म्हणाली, "दहाच मिनिटं म्हटलं होतं रे मी."

जिन्याच्या खोलीच्या भिंतीला हातभर सावली होती. तिने टोपली तिथे सरकवली आणि कठड्यावरून हाका मारायला लागली. खाली रस्ता वाहत होता, गाड्या भोंगे वाजवत होत्या. बरोबर खाली शिंपी मास्तरांचं दुकान, पण त्यांचं मशीन चालू आणि मशीनहून मोठ्याने रेडिओ. हाक मारून मारून घसा बसला. परत येऊन पाहते तर सावली वीतभर उरलेली. ऊन टोपलीच्या काठाला शिवत होतं. चिमीने तोंड वेडंवाकडं करून भोकाड पसरलं.

मग आत्याने तेच केलं जे तुम्ही-आम्ही कुणीही केलं असतं. दुपटं उचललं आणि टोपलीवर चहूबाजूंनी नीट झाकलं. ऊन दिसेनासं झालं. हळूहळू पोर रडायची थांबली. "निजली गं माझी बाय," असं म्हणत आत्या दाराला टेकून बसली, डोळे मिटले आणि नामस्मरण करायला लागली.

पण मन लागेना. देवाचं नाव ओठांवर आणि डोळ्यांपुढे बेकरीतली मोठी परात. सकाळी मळलेलं पीठ परातीत ठेवायचं, वर फडकं झाकायचं. का झाकायचं? ऊब आत कोंडून राहावी म्हणून. तीस वर्षं रोज फडक्याखाली हात घालून ती ऊब तिने तपासली होती.

तिने दुपट्याखाली हात घातला. तीच ऊब. त्याहून जास्त.

दुपटं तिने असं ओढलं की टोपली कलंडता कलंडता वाचली. चिमी लालबुंद झाली होती. केस कपाळाला चिकटलेले, डोळे अर्धे उघडे. निजली नव्हती हो ती. मलूल झाली होती.

आत्याने झबलं काढलं. शेजारच्या पाण्याच्या टाकीचा, जमिनीलगतचा नळ सोडला. आधी कढत पाणी आलं. ते वाहू दिलं, निवल्यावर पदर भिजवून पोरीची मान, बगला, तळवे पुसले आणि टोपलीवर वारा घातला. सावली आता चार बोटंसुद्धा नव्हती. म्हणून ती स्वतःच उन्हाकडे पाठ करून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी दुपटं वर, उंच धरलं. खालून वारा खेळता आणि वरून सावली. खांदे भरून आले. पायाखाली गच्ची तापलेली, चपला दारापाशी. मघाचं नळाचं पाणी पायांवरून वाहत वाहत पन्हाळीकडे चाललं होतं.

पन्हाळीकडे!

ती पन्हाळ मास्तरांच्या दुकानाच्या गळक्या छपरावर सुटत होती. एकदा या घरातल्या ओल्या कपड्यांचे चार थेंब त्यांच्या पांढऱ्या कापडावर पडले होते. तेव्हापासून आठ महिने मास्तर आणि आत्या एकमेकांचं तोंड बघत नव्हते. चार थेंबांना आठ महिने!

आत्याने पायानेच नळ पूर्ण उघडला.

थोडा वेळ काहीच नाही. मग रेडिओ बंद झाला. मग जिन्यावर धाड धाड पावलं.

"अहो बाई! अंघोळी घालताय का काय माझ्या कापडाला? आज एक तर तुमचा नळ राहील, नाही तर मी!"

"या मास्तर!" आत्या बसक्या आवाजात ओरडली. "अजून शिव्या द्या, पण येत राहा!"

देव धावून येतो म्हणतात. त्या दिवशी तो गळ्यात मोजपट्टी अडकवून, तणतणत आला. मूठ फिरली, दार उघडलं, मास्तरांचं एक पाऊल गच्चीवर.

"दार!" आत्या किंचाळली. "दार धरा, नाही तर तिघं अडकू!"

मास्तरांनी पायाने दार अडवलं. मग त्यांना टोपली दिसली, आणि उरलेल्या शिव्या तोंडातच राहिल्या. "आणा इकडे पोर," एवढंच म्हणाले.

दुकानातल्या पंख्याखाली, कापडाच्या गठ्ठ्यावर चिमीला निजवलं. मास्तरांनी फोन केले. डॉक्टरीणबाई आल्या, पाठोपाठ भावजय आली. पोरीने आईला पाहिलं आणि खणखणीत टाहो फोडला. दूध प्यायला लागली तेव्हा बाई म्हणाल्या, "वेळेवर उघडी केलीत. अजून थोडा वेळ झाकलेली असती तर मला बोलवून उपयोग नव्हता."

मास्तर हळूच म्हणाले, "दार वाऱ्याने लागलं म्हणे."

आत्याला निसटायला वाट होती. तिने घेतली नाही. "वाऱ्याने नाही. वीट मी काढली. आणि तू नको म्हटलेलंस तरी वर मीच नेली. याआधी दोनदा नेली होती."

भावजयीने चिमीच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग म्हणाली, "शेवटचं सांगितलं नसतंत तर मला कळलं असतं का?"

"नसतं."

"मग कशाला सांगितलंत?"

"नाही तर उद्या परत नेली असती गं."

भावजयीने डोळे पुसले. थोड्या वेळाने झोपलेली चिमी उचलून तिने आत्याच्याच मांडीवर ठेवली. "धरा. मी पाणी पिऊन येते. आल्यापासून सगळे मला म्हणताहेत, पोर वन्संनीच सांभाळलीय."

त्या आठवड्यात मास्तरांनी चिंध्यांची एक जाडजूड पिशवी शिवली, तिच्यात वाळू भरली आणि दोरीने दारालाच बांधून टाकली. कुणाला उचलून नेता येऊ नये म्हणून.

तर मंडळी, उन्हात बाळाच्या गाडीवर, टोपलीवर फडकं झाकायला हात गेला, की तो हात आधी आत घालून बघा. आणि बघताना त्या आत्याची आठवण काढा. गच्चीवर उंच धरलेलं ते दुपटं तिने अजून खाली ठेवलेलं नाही, असंच मला वाटत राहतं.