शांत कोपऱ्याचं उद्घाटन

ठाकुर्लीच्या त्या शाळेत शांत कोपरा तयार होऊन पडला होता, पण त्यात कुणाला बसू देत नव्हते, कारण त्याचं उद्घाटन व्हायचं होतं. उद्घाटनाला माजी नगरसेवक येणार होते, आणि माजी असले तरी त्यांना वेळ नव्हता. तोवर दुसरीच्या वर्गात मागच्या भिंतीला लागून निळी गादी, उशा आणि पिवळा पडदा असं सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं होतं. वर फ्लेक्स लावला होता, 'भावनांना जागा देऊ या'. त्यावर भावनांपेक्षा साहेबांच्या चेहऱ्यालाच जास्त जागा मिळाली होती.

जयेश भोईर लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. पण हल्ली त्याचा अर्धा वेळ शाळेतच जायचा, कारण सारखं बोलावणं यायचं. त्याची मुलगी प्राप्ती दुसरीत होती. तिची आई, संचिता, पावसाळ्यात तापाने गेली. तेव्हापासून वर्गात गलका झाला की प्राप्ती बाकाखाली शिरायची. तिथे ती कुणाला त्रास देत नसे. पण शाळेला मूल बाकावरच लागतं. मग कुणीतरी पाय धरून ओढायचं आणि ती चावायची. पीटीच्या साईनाथ सरांच्या मनगटाला चावली, तेव्हा सरांनी ते मनगट आठवडाभर स्टाफरूममध्ये मिरवलं.

"आम्ही कुणाला काढून टाकत नाही हं," मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका सुमतीबाई म्हणाल्या. "तसं करताच येत नाही. पण तुम्हीच विचार करा. तिच्या गरजा वेगळ्या आहेत. तुम्ही दाखला मागितलात तर लगेच देऊ."

"वेगळ्या कसल्या? तिची आई गेलीय, बाई."

"तेच म्हणते मी. आमच्याकडे त्याची सोय नाही."

आई मेलेल्या मुलाची सोय नसलेली शाळा. जयेशला वाटलं, हे पण फ्लेक्सवर छापायला पाहिजे. पण दाखला त्याला नको होता. या शाळेत संचिताने नाव घातलेलं. इथे प्राप्तीला वर्गाच्या कलावतीबाई माहीत होत्या, बाकावर शेजारी शिवानी बसायची. आई गेल्यावर त्या पोरीचं जिथल्या तिथे राहिलेलं एवढंच होतं. तेही दाखल्याबरोबर गेलं असतं.

मोठ्या बाईंनीच त्याला ठाण्याला समुपदेशकांकडे पाठवलेलं. तो अर्धा दिवस खाडा करून प्राप्तीला घेऊन गेला. तिथल्या बाईंनी तिच्याशी गप्पा मारल्या, चित्र काढायला लावलं आणि सांगितलं, "हिला काही झालेलं नाही. दुःख झालंय. वर्गात एक शांत जागा द्या, ओढू नका. थोड्या वेळाने आपली आपण बाहेर येईल. तेव्हा रागावू नका, जमेल तेवढा अभ्यास करू दे."

हे जयेश मोठ्या बाईंना आधीपासून सांगत होता. पण तो सांगायचा तोंडी, आणि त्याच्या हाताला ग्रीस असायचं. ठाण्याचं लेटरहेडवर आलं, म्हणून शाळेने मानलं. मानलं म्हणजे इतकं मानलं की त्याचा कार्यक्रमच करायचं ठरवलं.

कार्यक्रम होईपर्यंत प्राप्तीला शांत जागा म्हणून ऑफिसबाहेरच्या स्टुलावर बसवत होते. बरोबर घंटेखाली.

मग एके दिवशी मोठ्या बाईंचा फोन आला. आवाज गोड होता, तेव्हाच जयेशला शंका आली.

"शनिवारी प्राप्तीला नवा ड्रेस घालून आणा. ती लाभार्थी आहे."

"कसली?"

"कोपऱ्याची. साहेब फीत कापतील, प्राप्ती आत जाऊन बसेल. साहेब डोक्यावरून हात फिरवतील. फोटो झाला की ती हसत बाहेर येईल."

"आणि नाही हसली तर?"

"आपण सराव घेतोय ना. हे बघा, तेवढा एक दिवस नीट जाऊ द्या. मग दाखल्याचा विषय मी परत काढणार नाही."

जयेश हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

सराव जोरात झाला. दुसरीच्या मुलांना दुःखी चेहरा करायला शिकवलं. शिवानीला तो प्राप्तीपेक्षा चांगला जमत होता. तिलाच आत बसवावं, अशी चर्चाही झाली. पण शिवानीची आई जिवंत. साईनाथ सर म्हणाले, "खरी केस असली की बरं दिसतं." हे जयेशला कलावतीबाईंनी सांगितलं, मान खाली घालून. त्या वर्गशिक्षिका होत्या, पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

शनिवारी शांत कोपऱ्याच्या स्वागताला ढोल-ताशा ठेवला होता. शिवाय चौथीचं लेझीम होतं आणि वर्गाच्या दारातच भलामोठा स्पीकर लावलेला. साहेबांची गाडी दिसल्यावर प्लास्टिक काढायचं ठरलं होतं, उगाच धूळ बसायला नको म्हणून. दोरीला लाल फीत आणि ताटात कात्री तयार होती. फक्त साहेबांचा पत्ता नव्हता. फाटकाशी काहीतरी वळलं म्हणून ताशा कडाडला, तर तो पाण्याचा टँकर निघाला. पण तोवर प्राप्ती जागेवर नव्हती. ती फितीखालून वाकून गेली आणि प्लास्टिकच्या आत शिरली.

मोठ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "उद्घाटन व्हायचंय अजून. सर, काढा तिला."

साईनाथ सरांनी मनगट पाठीमागे घेतलं. "पालकांनी काढावं."

पालक गेला. त्याने वाकून प्लास्टिक उचललं. प्राप्ती कानांत बोटं घालून उशांमध्ये बसली होती.

"पप्पा, बंद करायला सांग."

"ते माझं नाही ऐकणार, बाळा."

"मग तू पण ये."

जयेशने प्लास्टिक ओढून बाजूला टाकलं आणि आत बसला. गुडघे हनुवटीला लागले. संचिता गेल्यापासून सगळे त्याला हेच सांगत होते की कामाला लाग, मुलीकडे बघ, खंबीर हो. बस जरा, असं कुणी म्हणालं नव्हतं. तो बसला तो बसलाच.

"जयेश, बाहेर या. शोभा होतेय," मोठ्या बाई दातांमधून म्हणाल्या. तेवढ्यात साहेब आलेच.

साहेबांनी वाकून पाहिलं. "हे कोण?"

"पालक आहेत, साहेब. ते जरा…"

"यांना पण कोपरा पाहिजे काय?"

सगळे हसले. मोठ्या बाई सगळ्यात मोठ्याने.

"पाहिजे," जयेश म्हणाला. "आणि तो ढोल थांबवला तर आणखी बरं."

साहेबांना कल्याणला हळदीला जायचं होतं. त्यांनी बापलेकीच्या डोक्यावरूनच फीत कापली आणि आशीर्वादासाठी हात पुढे केला.

"हात नको, साहेब. चावते," जयेश म्हणाला.

हात आला त्यापेक्षा लवकर परत गेला. फोटोत साहेबांचा पंजा हवेत राहिला. भाषण आवरलं, ढोल त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेला आणि वर्ग एकदम शांत झाला. थोड्या वेळाने प्राप्ती आपली आपण बाहेर आली आणि शिवानीच्या खाऊच्या बशीतला वेफर उचलून खाऊ लागली. ते बघायला तिथे साहेब नव्हते की फोटोवाला.

सोमवारी ऑफिसात मोठ्या बाई वाट पाहत होत्या. "दाखला घेऊन जा तुम्ही. एवढ्या लोकांत नाक कापलंत."

"मी मागत नाही. तुम्ही देताय, तर कारण लिहून द्या."

"वागणूक."

"कसली? शांत कोपऱ्यात शांत बसली, ही?"

"उद्घाटनाआधी बसली."

"तसंच लिहा. मी तो कागद साहेबांना नेऊन दाखवतो. त्यांचंच नाव आहे ना कोपऱ्यावर."

मोठ्या बाईंनी पेन उघडलं. कोऱ्या कागदावर तारीख घातली. मग टोपण लावलं. "तिला वर्गात बसवा. आणि तुम्ही आत बसायचं नाही."

"नाही बसणार. मुलांना बसू द्या म्हणजे झालं."

त्या दिवशी प्राप्ती दोनदा कोपऱ्यात जाऊन बसली. मोठ्या बाई दारातून डोकावून गेल्या. कलावतीबाई फळ्याकडे तोंड करून शिकवत राहिल्या, त्यांनी प्राप्तीला हाक मारली नाही. पोरगी कुणाला चावली नाही. गणितं तिने अर्धीच केली, आणि कलावतीबाईंनी केली तेवढ्यांवर बरोबरच्या खुणा करून वही तिच्या दप्तरात ठेवली.