गिड्डीखालची अंडी

पाहुणे गेले आणि बिभीषणनं घर झाडायला काढलं. त्याच्या बायकोला, मनकर्णाला, जाऊन पंधरा दिवस झाले होते. तेराव्याच्या गर्दीत चूल, माठ, भांडी सगळं कळकट झालं होतं, आणि तिला कळकट खपायचं नाही.

चुलीमागच्या कोपऱ्यात टोपलीत गिड्डी बसायची. गिड्डी म्हणजे मुठीएवढी बुटकी कोंबडी. मनकर्णानं पाटोद्याच्या बाजारातून हौसेनं आणलेली. बाकीच्या पाच कोंबड्या आणि कोंबडा गिरिराज जातीचे, अंगानं दांडगे. त्या कोंबड्या अंडी भरपूर द्यायच्या, पण उबवायला बसायच्या नाहीत. खुडूक व्हायची ती एकटी गिड्डी. म्हणून मनकर्णा मोठ्यांची अंडी तिच्याखाली ठेवायची.

गिड्डी दाणे टिपायला बाहेर गेली तेव्हा त्यानं टोपलीत पाहिलं. अकरा अंडी. काहींवर काळं लागलेलं. चुलीची काजळी असेल, असं समजून त्यानं ओल्या फडक्यानं एकेक अंडं पुसून ठेवलं.

तेवढ्यात शेजारच्या वत्सलाबाई भाकर घेऊन आल्या. मनकर्णाला त्या बहीण मानायच्या. त्यांची नजर टोपलीवर गेली.

"दाजी, रेघा कुठं गेल्या?"

"कसल्या रेघा?"

"अंड्यावरल्या. कोळशाच्या."

"म्या पुसल्या. मला वाटलं काजळी हाय."

वत्सलाबाईंनी कपाळावर हात मारला. "काजळी! आवो, तिनंच वढलत्या त्या. रेघ हाय ते उबवायचं, बिनरेघेचं रोज काढून घ्यायचं. गिड्डी उठली की ह्या धटिंगणी तिच्याच टोपलीत अंडी घालत्यात. तिनं पाचच बसवली व्हती. एवढ्याशा जिवाखाली अकरा मावत्यात व्हय? मला कावून न्हाई इचारलं?"

तीस वर्षं अंगणात कोंबड्या होत्या, पण ते सगळं मनकर्णाकडं. ताटात अंडं आलं की तेवढा बिभीषणचा संबंध.

"कवा बसवलती?"

"ती जायच्या चार दिस आदी."

त्यानं बोटांवर मोजलं. एकोणीस दिवस. मनकर्णाच्या हातचं शेवटचं काम त्या टोपलीत होतं आणि तिची पाच कोणती, हे आता त्याला ओळखू येत नव्हतं.

"पाणी कोमट करा," वत्सलाबाई म्हणाल्या. "जीव धरलेलं अंडं पाण्यात हलतंय. माझी आई बघायची तसं."

त्यानं पातेलं तापवलं, मनगट बुडवून पाहिलं आणि अंडी हळूच सोडली. सहा तळाला गेली. पाच वर तरंगली.

"खाली गेली ती नवी. उबवलेलं हलकं व्हतंय, तरंगतंय. ही पाच तिची."

पाचही नुसती तरंगत होती. बिभीषण पातेल्यावर वाकून बसला. मग कडेचं एक अंडं थरथरलं. पाण्यावर बारीक वलय उठलं. थोड्या वेळानं दुसरं हललं. उरलेली तीन तशीच राहिली.

"गार पडली," वत्सलाबाई म्हणाल्या. "नव्यांनी जागा खाल्ली."

पंधरा दिवस तो त्याच टोपलीशेजारी बसून चहा पीत होता. रोज हात घालून नवं अंडं असलं तर काढायचं, एवढंच काम होतं.

"मनाला लावून घेऊ नका, दाजी. तुमाला काय म्हाईत?"

"म्हाईत पायजे व्हतं."

हलणारी दोन त्यानं पदरात घ्यावीत तशी धोतराच्या सोग्यात घेतली आणि कोरडी करून गिड्डीखाली ठेवली. तिनं हाताला टोचलं. त्यानं टोचू दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी टोपलीत दोन पिलं होती. ओली, मानेत जोर नसलेली. दुपारपर्यंत वाळून उभी राहिली. गिड्डीनं अंग फुगवलं, तरी एकाचं ढुंगण बाहेरच राहत होतं.

त्यानं पुण्याला लेकीला, सायलीला, फोन लावला. ती कामावर असणार. वाजून वाजून बंद झाला. मग चपला घालून तो वत्सलाबाईंच्या दाराशी गेला. कुलूप होतं, त्या वडवणीच्या बाजाराला गेल्या होत्या.

तो परत आला, अंगणात बसला.

"दोन निघाली," तो मोठ्यानं म्हणाला.

कोंबड्यानं मान वाकडी करून एका डोळ्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा उकिरडा उकरायला लागला.