माहिती सांगणारे: कुशाबा

संदर्भग्रंथ घरी न्यायला मिळत नाहीत, ही पाटी मीच रंगवून घेतली होती. महाडच्या आमच्या वाचनालयात सावित्री नदीचं पाणी दोन-चार वर्षांआड खालच्या फळ्यांपर्यंत येतं, म्हणून हे ग्रंथ सगळ्यात वर, आणि शिडीवर चढायचा मान माझा. एकतीस वर्षं मास्तरकी करून मी निवृत्त झालो आणि इथे ग्रंथपाल म्हणून बसलो. कुणाला हवा तो आधार शोधून देण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, असं मला वाटायचं. नुसतं वाटून भागत नसे, मी ते बोलूनही दाखवायचो.

१९८३च्या जून महिन्यात सोनबा आणि त्याची मुलगी येसू माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. सोनबा पोलादपूरच्या वरच्या अंगाला, पळसकोंडच्या कातकरवाडीतला. येसू आश्रमशाळेतून दहावी झालेली, वाडीतली पहिलीच. अलिबागला नर्सिंगला राखीव जागेवर तिचा नंबर लागला होता, पण जमातीच्या दाखल्यावर शंका निघाली होती. तिनं कागद पुढे केला. 'उपलब्ध ग्रंथावरून पळसकोंड वाडीच्या चालीरीती सदर जमातीशी जुळत नाहीत असे दिसते. एकवीस दिवसांत छापील संदर्भासह खुलासा करावा, अन्यथा दाखला रद्द समजावा.'

माझं डोकंच फिरलं. "उपलब्ध ग्रंथ म्हणजे कोणता? नाव लिहायला यांची शाई संपली होती का?"

"आमी इचारलं," सोनबा म्हणाला. "सायब बोलला, बुक हाय, त्यात लिवलंय."

"मग ते बुक मी शोधतो. आणि ते खोटं ठरवणारं दुसरंही शोधतो. तू निर्धास्त जा."

पळसकोंडचं नाव ऐकून मला काहीही आठवलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. जुनं गॅझेटियर काढलं. त्यात जमातीवर दीड पान होतं, पण वाडीचं नाव नव्हतं. जनगणनेच्या खंडात घरं होती बावीस, माणसं एकशे सात. ती माणसं लग्न कसं लावतात, याच्याशी जनगणनेला कर्तव्य नव्हतं. मग पुण्याच्या मानववंशशास्त्राच्या एका प्राध्यापकांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं, की इतक्या लहान वस्तीची स्वतंत्र नोंद एकाच ठिकाणी मिळेल, ती म्हणजे १९५८ साली कुलाबा जिल्ह्यात चालीरीतींची जी पाहणी झाली तिच्या दुसऱ्या भागात. शिक्षकांकडून फॉर्म भरून घेऊन तो ग्रंथ तयार केला होता, आणि महाडच्या वाचनालयाला एक प्रत गेल्याचं यादीत दिसत होतं.

तेव्हा मला आठवलं.

प्रत आमच्याकडेच निघाली. कुणीतरी देणगी दिलेल्या गठ्ठ्यात, सुतळी न सोडलेली. मी ती टेबलावर आणून ठेवली, पण उघडली नाही. नवव्या दिवशी बापलेक आले. पान काढून मी येसूकडे सरकवलं. मला वाचवत नव्हतं.

"'पळसकोंड, वरची वाडी,'" ती वाचायला लागली. "'या वाडीत लग्ने भटजींकडून लावली जातात. बारसे, लग्न व मृताचे दिवस या सर्व बाबतींत खालच्या गावाप्रमाणेच रीती पाळल्या जातात. माहिती सांगणारे: कुशाबा, वय सुमारे साठ. संकलक: प्राथमिक शिक्षक, पोलादपूर.'" ती थांबली. "बाबा, आज्याचं नाव हाय!"

सोनबा उठून तिच्या मागे गेला. "कुठं?"

तिनं दाखवलं. त्यानं आपलं बोट धोतराला पुसलं आणि त्या अक्षरांवर टेकवलं. "बा माजा बुकात हाय," तो म्हणाला. "कुनी सांगितलं नाय आमाला." त्याचा चेहरा इतका उजळला की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. "पर गुरुजी, आमच्यात भट कंदी आला नाय. वाडीतलाच जानता म्हातारा लगीन लावतो." तो पुन्हा त्या अक्षरांकडे वळला. "बा बोलला म्हंजे असंल. पयला येत असंल भट. आमालाच ठाव नसंल. बा खोटं बोलनारा मानूस नव्हता." त्यानं येसूच्या खांद्यावर हात ठेवला. "चल गो. सायबाचं बराबर हाय. आज्यानंच सांगितलंय तर आपन कोन?"

येसू जागची हलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिची जागा, तिचं पुढचं सगळं आयुष्य त्या पानावर अडलं होतं आणि पानावर फक्त 'प्राथमिक शिक्षक' असं होतं. नाव नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर जन्मात कुणाला कळलं नसतं. गप्प बसावंसं मला वाटलं, हेही सांगून टाकतो.

"सोनबा, बस," मी म्हणालो. "तुझ्या बापानं हे सांगितलेलं नाही. हे मी लिहिलंय."

१९५८चा मे महिना. नऊ गावांचे फॉर्म माझ्याकडे होते. पळसकोंडला पाटलाच्या ओसरीवर बसून गावाचा फॉर्म भरला, जेवलो, आडवा झालो. वाडी वर डोंगरात, उभा चढ, डोक्यावर ऊन. म्हटलं, खालचे काय नि वरचे काय, असून असून वेगळं काय असणार? वाडीच्या फॉर्मवर बारा प्रश्नांपुढे बारा वेळा 'वरीलप्रमाणे' लिहिलं आणि संध्याकाळच्या आत पोलादपूरला परतलो. छापणाऱ्यांनी त्या 'वरीलप्रमाणे'ची नीट वाक्यं केली. आळस माझा, आणि दिसायला अगदी शास्त्र.

सोनबानं सगळं ऐकून घेतलं. "बा तुमाला भेटला व्हता?"

"नाही."

"तुमी वाडीवर आला व्हता?"

"नाही."

"मंग बाचं नाव?"

"सांगणाऱ्याचं नाव लिहावंच लागायचं. मला वाडीतलं तेवढं एकच ठाऊक होतं. तो पोलादपूरच्या शाळेत लाकडाची मोळी आणून टाकायचा."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बघून बोलायला लागला, अगदी हळू. "पाटलाचा निरोप आला व्हता. मास्तर येनार, लिवून घेनार. बानं आंगन सारवून घेतलं. चार दिस कामाला गेला नाय, दारात बसून व्हता. आय बोलायची, आता नाय येत कोन. तो बोलायचा, येतील, सरकारचं काम हाय."

मला तोंड वर करवेना. मला लाज वाटली, इतकी की आजवर एवढी कशाचीच वाटली नव्हती.

दाखला मिळाला, मुदतीच्या दोन दिवस आधी. येसू अलिबागला गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझी पाठ थोपटायला नको.

ते पान वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पोलादपूरच्या कचेरीत गेलो. वाडीवर न जाता, कुणालाही न विचारता मी माहिती भरली, असं प्रतिज्ञापत्र मी दिलं. अधिकारी तरुण होता. त्यानं ते दोनदा वाचलं. "गुरुजी, हे फायलीत कायमचं राहील. तुमची एवढी वर्षं नोकरी झालीय, विचार करा."

"केलाय," मी म्हणालो.

"मग चुकीचं काय होतं ते कळलं. बरोबर काय आहे, तेही जोडा. वाडीतल्या माणसानं सांगितलेलं, प्रश्नांच्या क्रमानं."

आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसलो. मी कोरे कागद मांडीवर घेतले, पेनाचं टोपण काढलं आणि वर लिहिलं: पळसकोंड, वरची वाडी. पंचवीस वर्षं उशिरा का होईना, पण आता तरी नीट विचारावं म्हणून मी सोनबाकडे वळलो. "हं, सांग सोनबा. पहिलं, मूल जन्माला आल्यावर तुमच्यात काय करतात?"

सोनबा माझ्या हातातल्या पेनाकडे बघत राहिला.

"सांगतो गुरुजी," तो म्हणाला. "सगळं सांगतो. पर तुमी नका लिवू. येसू लिवंल."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी कागद आणि पेन येसूच्या हातात दिलं आणि तिला बसायला जागा करून दिली. तिनं मी लिहिलेली ओळ खोडली, तीच ओळ खाली पुन्हा लिहिली, आणि बापाला म्हणाली, "बोला बाबा."